बचाव कोणाच्या हाती द्यायचा?



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘अमेरिकेतले माझे अनुभव’. त्यावर बोलत बसले तर तुमचा चहा निवेल आणि पुढच्या वक्त्यांचा वेळही जाईल. म्हणून मी एकच गोष्ट सांगणार आहे. एका कॉलेजच्या फुटबॉल संघाने आपला बचाव सांभाळायला माणूस कसा निवडला, त्याची ही गोष्ट. काल रात्री मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, इथे कोणाला कळणार आहे ते?’’ कळेल. आपल्यापैकी निम्म्या मुली खो-खो खेळलेल्या आहेत.

मी राहते ते गाव मिशिगन राज्यात, ॲन आर्बरपासून वीस मिनिटांवर आहे. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठ आहे आणि विद्यापीठाचं स्टेडियम आहे. त्यात १,०७,६०१ माणसं बसतात. सामना कॉलेजच्या मुलांचा, पण त्या शनिवारी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. सुरुवातीची काही वर्षं मी फक्त रहदारी चुकवायची. मग शेजाऱ्यांनी खेळ समजावून दिला आणि मी अडकले.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. एक प्रयत्न जेमतेम पाच-सहा सेकंदांचा. मग सगळे थांबतात आणि साधारण चाळीस सेकंदांत पुढची चाल सुरू होते. त्या अवधीत बचाव करणाऱ्या संघाचा एक प्रशिक्षक समोर कोण उभं आहे ते बघतो, आपल्या अकरा जणांनी काय करायचं ते ठरवतो आणि तसा निरोप मैदानात पाठवतो. एका सामन्यात हे साठ-सत्तर वेळा. त्याला म्हणतात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. आपण बचाव प्रशिक्षक म्हणू. मोठ्या विद्यापीठांत त्याचा वर्षाचा पगार दहा लाख डॉलरच्या वर जातो. संघ जिंकला की नाव मुख्य प्रशिक्षकाचं होतं, भरपूर गुण खाल्ले की बोट याच्याकडे जातं.

मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक होते जिम हार्बॉ. ते स्वतः याच विद्यापीठाकडून खेळलेले. २०१६च्या हंगामासाठी त्यांनी डॉन ब्राउन यांना बचाव प्रशिक्षक म्हणून आणलं. ब्राउन अनुभवी, आक्रमक आणि मुलांचे लाडके. त्यांची पद्धत सरळ होती: प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, त्याला सोडायचं नाही, आणि बाकीच्यांनी चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडायचं. ही पद्धत चांगली चालली. त्यांचा बचाव देशातल्या उत्तम बचावांत गणला जायचा.

पण दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ओहायो स्टेटशी सामना असतो. तिथली माणसं बाकीचं वर्ष विसरतात, तो एक दिवस विसरत नाहीत. २०१८मध्ये मिशिगन १० विजय आणि १ पराभव घेऊन तिथे गेलं आणि ६२-३९ असं हरलं. ओहायोने काय केलं? त्यांचे वेगवान खेळाडू सरळ न पळता आडवे, एकमेकांना छेदून पळाले. आपल्याच माणसाच्या मागे धावणारे बचावपटू एकमेकांच्या वाटेत आले. कल्पना करा, खो-खोत पाठलाग करणारी तुमच्या मागे आहे आणि मध्येच तुमचीच मैत्रीण आडवी आली. एकदा मोकळी वाट मिळाली की मागून धावणारा पोचत नाही. पुढच्या वर्षी घरच्या मैदानावर हार ५६-२७ अशी झाली. मग आलं २०२०, कोविडचं वर्ष: सहा सामने, दोन विजय, चार पराभव. डिसेंबरमध्ये ब्राउन यांना जावं लागलं. खुद्द हार्बॉंचा मूळ पगार नव्या करारात जवळपास निम्म्यावर आला.

आता हार्बॉंच्या जागी स्वतःला ठेवा. नोकरी टांगणीला आहे. सहायक प्रशिक्षकांची फळी नव्याने बांधायची आहे. अशा वेळी माणूस काय करतो? सगळ्यांना माहीत असलेलं, केस पांढरे झालेलं नाव शोधतो. म्हणजे उद्या हरलो तरी कोणी ‘असा कसा निवडला?’ म्हणू नये.

त्यांनी निवडला ३३ वर्षांचा माइक मॅकडॉनल्ड. कॉलेजच्या संघातून तो स्वतः कधी खेळलेला नव्हता. बचावाची पूर्ण सूत्रं त्याने कधी सांभाळलेली नव्हती. तो होता व्यावसायिक लीगमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा सहायक, आणि रेव्हन्सचे मुख्य प्रशिक्षक होते जॉन हार्बॉ, म्हणजे जिमचे सख्खे भाऊ. आमच्या गल्लीत लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. आपल्याकडे सहकारी संस्थेतल्या नेमणुकीवर म्हणतात तेच. मीही म्हटलं होतं.

पण तो खेळ बघताना मला हळूहळू कळलं की हार्बॉंनी माणसाबरोबर एक पद्धत घरात आणली होती. रेव्हन्सची पद्धत अशी: समोरच्याला प्रत्येक वेळी रचना सारखीच दिसली पाहिजे, पण चेंडू हलला की मागचं सगळं बदललं पाहिजे. सहा जण तुटून पडणार असं दाखवायचं, प्रत्यक्षात चार जण जायचे आणि दोघे मागे सरकून ज्या वाटेने चेंडू येणार ती अडवायची. कधी माणूस धरायचा, कधी जागा धरायची. आणि हे सगळं मुलांना पाठ करायला लावायचं नाही. आधी थोडीच तत्त्वं आणि त्यांची नावं शिकवायची, मग त्यांच्या जोडण्या करायच्या. मुळाक्षरं आली की नवा शब्द वाचता येतो, तसं.

२७ नोव्हेंबर २०२१ला ॲन आर्बरमध्ये बर्फ पडत होता. मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असं हरवलं. २०११नंतरचा हा पहिला विजय. एडन हचिन्सनने चेंडू फेकणाऱ्याला एकट्याने तीनदा खाली पाडलं. त्या हंगामात २००४नंतर प्रथमच मिशिगनला बिग टेन गटाचं विजेतेपद मिळालं.

आणि दोनच महिन्यांत मॅकडॉनल्ड निघून गेला. रेव्हन्सने त्याला बचाव प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं.

मला वाटलं, संपलं. एका माणसावर उभं केलेलं घर त्याच्याबरोबर जातं. पण हार्बॉंनी आणला जेसी मिंटर. तो त्या वेळी व्हँडरबिल्ट विद्यापीठात होता, पण त्याआधी चार वर्षं रेव्हन्समध्येच शिकलेला. तीच मुळाक्षरं. मुलांना नवी भाषा शिकावी लागली नाही, फक्त बोलणारा बदलला. पुढची दोन वर्षं ओहायो स्टेट पुन्हा हरलं. २०२३मध्ये मिशिगनने सामन्यामागे सरासरी १०.४ गुण दिले, देशात सर्वांत कमी, आणि १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या यशावर डागही आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा नियमबाह्य रीतीने टिपल्याच्या प्रकरणात हार्बॉंना त्या हंगामातले साखळीतले शेवटचे तीन सामने मैदानाबाहेर काढावे लागले. ते झाकून गोष्ट सांगणं बरोबर नाही.

जानेवारी २०२४मध्ये हार्बॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले, मिंटरलाही घेऊन गेले. नवे मुख्य प्रशिक्षक झाले त्यांचेच सहायक शेरोन मूर. पुन्हा नवी फळी, पुन्हा तोच प्रश्न. मूर यांनी कोणाला बोलावलं? विंक मार्टिनडेल यांना. रेव्हन्समध्ये मॅकडॉनल्ड आणि मिंटर हे दोघेही ज्यांच्या हाताखाली काम करत होते, ते हे. शिष्य गेले म्हणून गुरूला आणलं! सुरुवात काही गोड झाली नाही, टेक्सासने घरच्या मैदानावर ३१-१२ असं हरवलं. पण ३० नोव्हेंबर २०२४ला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला अवघे १० गुण करता आले आणि मिशिगन १३-१०ने जिंकलं. तेच ओहायो स्टेट त्या हंगामाचं राष्ट्रीय विजेतं ठरलं, म्हणजे बघा.

आता मी हे तुम्हाला का सांगते आहे? मी एकदा अशीच निवड केली आणि ती चुकली. आमच्या कामात एक मोठी प्रणाली होती, ती चोवीस तास चालू राहावी लागते. तिचा प्रमुख निवडायच्या समितीत माझा शब्द शेवटचा होता. मी सगळ्यांत हुशार माणूस घेतला. कोणताही बिघाड सांगा, तो दहा मिनिटांत दुरुस्त करायचा. कसा, ते कोणाला कळायचं नाही आणि आम्ही विचारायचोही नाही. अडीच वर्षांनी तो दुसरीकडे गेला. त्यानंतरचे काही महिने रात्री दोन वाजता फोन वाजला की आम्ही पाच इंजिनियर पडद्याकडे बघत बसायचो. त्याची चूक नव्हती. मुलाखतीत मी त्याला विचारलं होतं, ‘‘तू काय काय केलं आहेस?’’ ‘‘तू सोडून आलास ते काम आता कसं चाललं आहे?’’ हे विचारलंच नव्हतं. आता मी हा प्रश्न पहिला विचारते.

एक धोका मात्र सांगायला हवा. एकाच घरातून माणसं घेत राहिलं की ओळखीपाळखीचा कारभार व्हायला वेळ लागत नाही. मी या गावातून गेलेली मुलगी. तिथे कोणत्याच घरात माझी ओळख नव्हती. ओळखीतूनच माणसं घेतली असती तर मी आज घरीच असते. म्हणून पद्धत घ्यावी, गोतावळा घेऊ नये. आणि ती पद्धत दाराबाहेरच्यालाही शिकता येईल अशी मांडलेली असावी.

हे खरं तर मला मिशिगनला जाऊन शिकायची गरज नव्हती. आपण आठवीत होतो तेव्हा मुलींच्या खो-खोच्या सरांची ऐन हंगामात संस्थेने दुसऱ्या शाखेत बदली केली. आठवतं ना? तालुक्याचा सामना आठ दिवसांवर आलेला. आम्ही रडलो होतो. पण सरांनी आम्हाला ‘आता इकडे पळ, आता तिकडे पळ’ असं ओरडून कधी शिकवलं नव्हतं. साखळी कधी धरायची, ती सोडून गोलात कधी जायचं, पहिल्या तुकडीत कोणाला पाठवायचं आणि का, हे ते आम्हालाच विचारायचे. चुकलं की पुन्हा विचारायचे. त्या सामन्यात बाकावर सर नव्हते. तुकड्या आम्हीच लावल्या. आणि आम्ही जिंकलो.

तेव्हा मला वाटायचं, सर असते तर किती बरं झालं असतं. आता वाटतं, सर नसताना आम्ही जिंकलो, हेच सरांचं काम होतं.

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी मघाशी मला ओळखलं, तेही नावाने नव्हे. म्हणाले, ‘‘दुसरी तुकडी, डावा खांब.’’

सर, तुमच्यामागे काय उरलं ते आज या सभागृहात बसलं आहे.