बॉय, वय एकोणपन्नास

(तुर्भे स्टोअर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवलंय.)



मला विषय दिलाय 'चालू घडामोडी आणि आपण'. असल्या विषयावर पांढऱ्या कॉलरचे लोक बोलतात. माझ्या हातात फडकं असतं. ठाणे-बेलापूर रोडवर एका काचेच्या बिल्डिंगीत मी साफसफाईला आहे, ठेकेदाराकडं. त्याचं नाव घेत नाही, उद्या कामावर जायचंय. माझ्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलंय, 'हाऊसकीपिंग बॉय'. माझं वय एकोणपन्नास. थोरली पोरगी बी.कॉम. झाली. घरी मी बाप आणि बिल्डिंगीत बॉय. गावाला माझ्या म्हाताऱ्या आज्याला पाटलाचं शेंबडं पोर अरेतुरे करायचं. तीच हाक आता इंग्रजीत छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवलीय. एवढाच फरक.

बिल्डिंगीच्या लॉबीत रोज चार पेपर येतात. दुसऱ्या दिवशी ते रद्दीत जातात, म्हणजे आमच्याकडं. बेसमेंटला पंपाच्या खोलीशेजारी आम्ही बाराजण डबा खातो, तिथं मी मोठ्यानं वाचतो. चौघींना वाचता येत नाही. बाकीच्यांचे डोळे फिनेल-ॲसिडनं चुरचुरत असतात. तर देशाच्या घडामोडी आमच्याकडं एक दिवस शिळ्या येतात आणि भाकरीबरोबर खाल्ल्या जातात. मी जे बोलणार ते तिथलंच बोलणार.

आधी हे बाराजण कोण ते सांगतो. पाच आम्ही बौद्ध. तीन मातंग. दोन मेहतर, त्यांचे बाप गुजरातेतून मुंबईत आलेले. एक वडार बाई, तिला सगळे अक्का म्हणतात. एक मुसलमान पोरगा, बिहारचा. वर काचेआड हजारभर माणसं बसतात. त्यांची जात कुणी विचारत नाही, विचारणं म्हणे मागासलेपण. आमची बी कुणी विचारत नाही, न विचारताच सगळ्यांना ठाऊक असते. अकरा वर्षांत संडास धुवायला एक जोशी नाही आला, एक देशमुख नाही आला. कुठल्या कोर्टानं दिलं नाही, कुठल्या आयोगानं शिफारस केली नाही, तरी इथं आमचं शंभर टक्के आरक्षण पक्कं आहे. त्याच्या विरोधात कुणी उपोषणाला बसलेलं मी ऐकलं नाही.

आता घडामोड. १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला. राज्यांना अनुसूचित जातींमध्ये पोटवर्ग पाडता येतील असं ठरलं. २००४ चा चिन्नय्या खटल्यातला निकाल उलटा झाला. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी एकट्या विरोधात गेल्या. चार न्यायमूर्तींनी आणखी पुढं जाऊन लिहिलं की दलितांतही क्रीमी लेयर शोधा, पुढारलेल्यांना बाजूला काढा.

दुसऱ्या दिवशी मी ते वाचलं आणि बेसमेंटमध्ये जेवण थांबलं. आमच्यातले मातंग आबा साठीला आलेत. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. तुम्ही बाबासाहेब घेतले, शाळा घेतल्या, खुर्च्या घेतल्या. आमच्या हातात हलगी ऱ्हायली." आमच्यातला एक बौद्ध पोरगा उसळला, "तुम्हाला कुणी नको म्हणलं होतं? शिकायचं होतं. बाबासाहेबांनी सगळ्यांनाच सांगितलं होतं."

दोस्तहो, त्या पोराचं वाक्य नीट ऐका. 'कुणी अडवलं होतं, शिकायचं होतं.' हे वाक्य आपण आधी कुठं ऐकलंय? मंडलच्या वेळी ऐकलंय. कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकलंय. हे वाक्य आपल्या तोंडचं नाही, आपल्या तोंडात घातलेलं आहे. सवर्णानं आपल्याकडं फेकलेला दगड उचलून आपण मातंगाकडं फेकतोय.

आबा म्हणतात त्यात खरं आहे, हे मी या बैठकीत, बौद्धांच्या वस्तीत उभं राहून बोलतो. महाराष्ट्राच्या यादीत एकोणसाठ जाती आहेत. एकोणसाठ जातींच्या पोरांना सारखी वाट मिळाली नाही. आपल्यात १९५६ ला धर्मांतर झालं, त्याच्या आधीपासून चळवळ झाली, गावकी सोडून माणूस गिरणीत, रेल्वेत, फौजेत गेला. ज्याला ते मिळालं नाही तो मागे राहिला. तो मागतोय ते तेरा टक्क्यांतलं मागतोय, माझ्या बापजाद्यांची इस्टेट मागत नाही. आकडे काढा. कुठली जात कुठल्या वर्गाच्या नोकरीत किती, ते मोजा. जातवार जनगणना होणार असं केंद्रानं ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केलंय, तिचे आकडे येऊ द्यात. आकड्यावर जे निघेल ते आपण मान्य करू. आकड्याआधी भांडण लावून देणाऱ्यांचा, मग तो आपला असो की त्यांचा, मला संशय येतो. आपल्या पुढाऱ्यांना हे पटणार नाही. न पटू दे.

पण आबांना मी दुसरी गोष्ट पण विचारली. म्हणलं, "आबा, वाटणी झाली असं धरा. तुमच्या नातवाला जागा कुठल्या हापिसात मिळणार?" आबा गप्प. नातू ग्रॅज्युएट आहे, वाशीला मॉलमध्ये ठेक्यावर उभा असतो. ठेक्याला रोस्टर नाही. ठेक्याला आरक्षण नाही, ना आबाला ना मला. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं नऊ खाजगी कंपन्यांकडून सरकारी कामाला माणसं घ्यायचा निर्णय काढला होता, आठवतं? त्यात नुसते शिपाई नव्हते, इंजिनियर-शिक्षकांपर्यंत सगळे होते. बोंबाबोंब झाली, ऑक्टोबरात मागं घेतला. पण कागद मागं गेला म्हणून ठेका मागं गेला का? तर ताटातली भाकर कुत्र्यानं पळवली आणि आम्ही दोघं ताटाच्या काठासाठी भांडतोय. काठ बी महत्त्वाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण भाकरीकडं कोण बघणार?

क्रीमी लेयरचं सांगतो. जात पैशानं, खुर्चीनं धुऊन निघते म्हणतात. न्यायमूर्ती भूषण गवई त्या चार न्यायमूर्तींपैकी एक. अमरावतीचे, आपलेच. मे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. याच्यापेक्षा उंच खुर्ची या देशात कोणती आहे? ६ ऑक्टोबर २०२५ ला भर कोर्टात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं बूट फेकायचा प्रयत्न केला. वर्णमाला शिकवायला लागू नये इतका धडा स्पष्ट आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा अक्का म्हणाली, "एवढ्या मोठ्या मानसाला जोडा, मंग आपल्याला काय फुलं टाकतेल व्हय?" पोटजातीच्या निकालावरचे शंभर अग्रलेख मी वाचले, अक्काएवढं नेमकं कुणी लिहिलं नाही.

त्याच्या दोनच दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, इथं आपल्या उशाला विमानतळाचं उद्घाटन झालं. पंतप्रधान आले होते. आणि पहिली विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. पेपरवाल्यांनी नाताळची भेट म्हणून लिहिलं. २५ डिसेंबर. रायगड जिल्हा. १९२७ साली याच तारखेला याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. एका ओळीत तरी ते यायला पाहिजे होतं. नाही आलं.

विमानतळ माझ्या आईला विचारा. आई १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आली. पोटात काही नाही, डोक्यावर गाठोडं. सिडको १९७० ला निघालेली, शहर कागदावर, आणि कागदावरचं शहर जमिनीवर आणायला खडी लागते. तुर्भ्याच्या डोंगराला सुरुंग लावायचे, वडार दगड काढायचे, आमच्या बाया हातोडीनं खडी फोडायच्या. माझा जन्म क्वारीवरचा. बाप धुळीनं गेला, खोकत खोकत. सर्टिफिकेटवर टीबी लिहिला. आज वाशी-नेरूळच्या रस्त्याखाली माझ्या आईची खडी आहे. जमीन गेली त्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ ला जासईच्या भागात गोळ्या खाल्ल्या, पाचजण मेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून साडेबारा टक्के जमीन परत मिळवली. २०२१ ला विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून ते हजारोंनी रस्त्यावर उतरले. बरोबरच होतं. मला एवढंच विचारायचंय, ज्याला जमीनच नव्हती, ज्यानं नुसता दगड फोडला, त्याचे टक्के किती? साडेबाराला शून्यानं गुणलं की किती होतात?

आता थोडं मराठा भावांबद्दल. २६ जानेवारी २०२४ ला जरांगे पाटलांचा मोर्चा वाशीला आला. लाखो माणसं, एपीएमसी मार्केटात मुक्काम. २७ ला मुख्यमंत्र्यांनी वाशीत येऊन ज्यूस पाजला. आपल्यातले काहीजण हसत होते. मला हसू आलं नाही. गाळ्यांत झोपलेली माणसं मी पाहिली. टाचा फुटलेल्या. बापाच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर पाटीलकी. आपल्यावर अत्याचार करणारा त्यांच्यात आहे, ते आपण विसरणार नाही. पण अत्याचार करणारा आणि त्या गाळ्यात झोपणारा एकच आहे असं मी मानणार नाही.

त्याच मार्केटात मला सगळ्यात मोठी गोष्ट दिसते, ती कुणी बोलत नाही. माथाडी. साताऱ्याकडून आलेला मराठा, डोक्यावर गोणी. अण्णासाहेब पाटलांनी त्याची संघटना बांधली. १९६९ ला कायदा झाला. कायदा काय करतो? मालकानं मजुरी मजुराच्या हातात टाकायची नाही, मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. मंडळ पगार देणार, फंड कापणार, ग्रॅच्युइटी देणार, दवाखाना देणार. व्यापारी बदलला तरी माथाडी मंडळाचा. हे अण्णासाहेब पुढं १९८२ च्या मार्चमध्ये मराठा आरक्षणाचा मोर्चा काढून, मागणी पुरी झाली नाही म्हणून स्वतःला गोळी घालून गेले. आरक्षण तेव्हा मिळालं नाही. कायदा मात्र राहिला, आणि त्यावर हजारो घरं उभी राहिली.

१९८१ ला खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा झाला. आमच्या बिल्डिंगीच्या गेटवर उभ्या माणसाला कायदा आहे. पाळतात किती तो भाग वेगळा, पण आहे. मागच्या दाराला गोणी उतरवणाऱ्याला कायदा आहे. मधे फरशी पुसणाऱ्याला? झाडूसाठी तसं मंडळ नाही. दर दोन वर्षांनी आमचा ठेकेदार बदलतो. माणसं तीच, बादल्या त्याच, नोकरी नवी. अकरा वर्षांत माझे पाच ठेकेदार झाले. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात म्हणे. पाच वर्षं कुठल्याच कागदावर होत नाहीत.

आणि नवीन घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस जुने कायदे त्यांत विरघळले. संहिता म्हणते, आस्थापनेच्या मुख्य कामाला ठेक्याची माणसं लावायची नाहीत. वाचून बरं वाटलं. पुढं व्याख्या वाचली. झाडणं, पुसणं, कचरा उचलणं हे मुख्य काम नाही, आस्थापना त्याच कामासाठी काढलेली नसेल तर. म्हणजे ठेका कायदेशीर, पिढ्यान्‌पिढ्या. मी विचारतो, बेसमेंटचे बाराजण तीन दिवस गेलो नाही, तर वरच्या हजारांचं मुख्य काम किती वेळ चालेल?

शहर स्वच्छतेत देशात पहिल्या तिनात आलेलं. २०२५ च्या जुलैत इंदूर-सुरतच्या पंगतीत सुपर स्वच्छ लीगमध्ये बसलं. भिंतीभिंतीवर रंगवलंय. भिंतीवर फ्लेमिंगो आहेत, झाडूवाला पण आहे, हसरा. त्याची सलरी स्लिप कुठल्या भिंतीवर रंगवलेली मी पाहिली नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. आपलेच लोक म्हणाले, वतन कसं सोडायचं, भाकर जाईल. चोवीस तास राबायचं आणि मोबदला गावाच्या मर्जीवर, त्याला ते गुलामी म्हणत होते. वतन गेलं. ठेका आला. पुन्हा मोबदला मर्जीवर.

शेवटचं परभणीचं. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. मग धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला कोठडीत मेला. आधी हृदयविकार सांगितला, शवविच्छेदनात मारहाणीच्या जखमा निघाल्या. २०२५ च्या जुलैत हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथंही हरलं. मी हे वाचत होतो आणि अक्कानं मधेच विचारलं, "कोन्या जातीचा व्हता?" म्हणलं, वडार. ती उठली, हात धुतले, पुन्हा बसली. म्हणाली, "आमचा पोरगा तुमच्या बाबासाहेबासाठी मेला की." आमच्यातल्या त्याच उसळणाऱ्या पोरानं मान खाली घातली आणि म्हणाला, "तुमच्या नाही अक्का, आपल्या."

तर कामाचं बोलतो. झाडूवाल्यांसाठी माथाडीसारखं मंडळ पाहिजे, ही मागणी आपण लिहून काढतोय. एकट्या बौद्धांची नाही. मसुद्यावर आबांची सही आहे, अक्काचा अंगठा आहे, मेहतर भावांची आहे, बिहारच्या पोरानं उर्दूत केलीय. येत्या रविवारी इथंच सकाळी दहाला बसायचं. ज्यांना पगाराची स्लिप मिळते त्यांनी स्लिपा आणा. मिळत नाही त्यांनी बँकेचं पासबुक आणा. आणि कॉलेजच्या पोरांनो, तुम्ही पेन आणि कोरे कागद आणा, कारण ठेकेदारांची नावं, तारखा, कोण कधीपासून कुठं राबतंय ते एकेकाला विचारून लिहायचंय, आणि त्याला दिवस पुरणार नाही.

जय भीम.