वाळूची कणगी

भारताच्या किनाऱ्यावरील बांधकामांना १९९१ पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना लागू आहे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ती निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने आली. समुद्रकिनारी भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. वाळूच्या टेकड्या, खारफुटी आणि कासवांच्या विणीच्या जागा यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. ग्रामीण भागातील बांधकामबंदीचा पट्टा २०११ मध्ये २०० मीटर होता. २०१९ पासून, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असेल, तर तो ५० मीटरवर आणता येतो.

या अंतराचे कारण वाळूत आहे. पुळणीमागची टेकडी ही किनाऱ्याची कणगी. पावसाळी उधाणात समुद्र तिच्यातले धान्य उपसतो आणि पाण्याखाली त्याचा दांडा रचतो. तो दांडाच लाटांचा जोर मोडतो. दिवाळीनंतर शांत लाटा तेच धान्य हळूहळू परत आणतात, मर्यादवेल ते धरून ठेवते. कणगीपुढे भिंत घातली तर समुद्राची भूक थांबत नाही. तो भिंतीच्या पायथ्याची वाळू खातो आणि भिंत संपते तिथून शेजाऱ्याची.

अधिसूचनेत धूप रोखण्याच्या कामांना मुभा आहे. कोकणात तिचा अर्थ बहुधा दगडी धूपप्रतिबंधक बंधारा असाच घेतला जातो. लाटा घरांना भिडल्या असतील तर बंधारा हवाच. पण आधी टेकडी सपाट करून रस्ता, मग त्या रस्त्यासाठी बंधारा, हे कणगी फोडून धान्य विकत आणण्यासारखे आहे. पुदुच्चेरीत बंदराच्या भिंतींनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहरापुढची पुळण गेली. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली पोलादी अडथळा बसवला, बंदरातला गाळ-वाळू उपसून किनाऱ्याला दिली, तेव्हा काही पुळण परतली.

पुन्हा सांगायला हवे: बांधकामबंदीचा पट्टा ही कणगीची जागा आहे. वाळू लोकसंख्येची घनता पाहून सरकत नाही; ५० मीटरमध्ये ती सगळीकडे मावणार नाही.

ही अधिसूचना कुठे कशी लागू होते ते नकाशावर दाखवणाऱ्या किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा जनसुनावणीला येतो. आपली टेकडी त्या नकाशावर आहे का, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तेव्हाच तपासावे आणि नसेल तर लेखी हरकत नोंदवावी.