झाडतोडीची गाडी: आधी वाट, मग वजन

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवतं ना? मालवण किनारपट्टीवर कितीतरी माड आणि आंबे आडवे झाले. अशी झाडं तोडून हलवणाऱ्यांनी गाडी कशी निवडावी? आधी वाट पाहा, मग वजन, शेवटी किंमत. आपल्या वाड्यांतल्या पाणंदी अरुंद. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. मोठा ट्रक डांबरी रस्त्यावरच थांबतो. तिथपर्यंत ओंडके माणसांनाच वाहावे लागतात. म्हणून इथे छोटा पिकअप बरा.

कुणी म्हणेल, छोट्या गाडीला खेपा जास्त. खरं आहे. पण जादा खेपेचं डिझेल परवडतं. ओंडके वाहण्यात गेलेला माणसांचा दिवस परवडत नाही. मात्र हौदा रिकामा दिसतो म्हणून लादत राहू नका. ओलं लाकूड सुक्यापेक्षा खूप जड असतं. हौदा अर्धा दिसला, तरी वजन पुरं झालेलं असू शकतं. गाडीच्या कागदपत्रांतली वजनाची मर्यादा पाहा. आणि खारी हवा लोखंड खाते. जुनी गाडी घेताना चासी खालून तपासा.

तेव्हा श्रोतेहो, लक्षात ठेवा. आधी वाट, मग वजन, शेवटी किंमत.