बॅट काखेत धरून पाहिलेली मॅच

मी वाशीचा. नवी मुंबईतल्या नाही, धाराशिव जिल्ह्यातल्या. पुण्यात आयटीत नोकरी करतो आणि वाशी म्हटलं की ऑफिसमध्ये पहिला प्रश्न येतो, "मग सी-वूड्स जवळच ना?" नाही हो, आम्हाला जवळ म्हणजे येरमाळा आणि पारगाव.

आजचा विषय आहे लहानपणीचे हिरो. तो सुचला एका कॉलमुळे. आमच्या क्लायंटकडे साठी ओलांडलेला एक अमेरिकन माणूस आहे. मीटिंग सुरू व्हायच्या आधी तो बेसबॉलवर बोलतो. 1974 साली हँक आरोननं बेब रूथचा 714 होमरनचा विक्रम मोडला तेव्हा हा शाळकरी पोरगा होता. वडिलांच्या शेजारी बसून त्यानं ते टीव्हीवर पाहिलं होतं. आजही सांगताना त्याचा आवाज बदलतो. मग त्यानं मला विचारलं, तुझा हिरो कोण?

हे काय विचारणं झालं? सचिन. 24 फेब्रुवारी 2010, ग्वाल्हेर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद 200, चेंडू 147. झोपेतून उठवलं तरी सांगेन. 2 एप्रिल 2011 ची फायनल आम्ही पोरांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा टीव्ही लावून पाहिली, कारण लोडशेडिंगला वर्ल्डकपचं काही पडलेलं नव्हतं. सचिन 18 वर गेला तेव्हा एक काका उठून सरळ शेतात निघून गेले. धोनीचा सिक्सर त्यांनी पाहिलाच नाही. बबलगमची कार्डं, डब्ल्यूडब्ल्यूईचे पत्ते, अंडरटेकरची उंची आणि वजन, सगळं तोंडपाठ.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि समोर, मैदानावर कुणाला खेळताना पाहिलंस?"

मी गप्प झालो. कारण उत्तर होतं, माझी ताई.

ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. खो-खो खेळायची. ज्यांनी हा खेळ नीट पाहिला नाही त्यांना थोडं सांगतो. पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणजे पळणारीचं काम नुसतं जोरात धावणं नाही, तर समोरचीला हुलकावणी देऊन एक पाऊल पुढे घालवणं. ताईला ते जमायचं. अगदी अंगावर येऊ द्यायची आणि शेवटच्या क्षणी खांबाला वळसा घालून पलीकडे.

2010 च्याच हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर तिची तालुक्याची मॅच होती. मी तिथं होतो. पण कसा? बॅट काखेत धरून, कडेला. ही पोरींची मॅच संपतेय कधी आणि आमचं पिच मोकळं होतंय कधी, एवढंच डोक्यात. त्याच वर्षीच्या सचिनचे चेंडू मला पाठ आहेत. ताई किती वेळ पळाली, ते माहीत नाही.

पुढे 2013 उजाडलं. 2012-13 चा दुष्काळ मराठवाड्यातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. आमची बैलं चारा छावणीला होती. मी दहावी झालो, ताई बारावी. तिला सरावासाठी उस्मानाबादला राहायचं होतं. तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. मला लातूरला क्लास लावायचा होता. घरात पैसे एकाचेच होते. मी लातूरला गेलो. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. खरं तर यावर घरात कधी बोलणंच झालं नाही. पुढे दीड वर्षात ताईचं लग्न झालं.

फेब्रुवारी 2016 मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना तिचा फोन आला. गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या पोरींनी खो-खोचं सुवर्ण जिंकलं होतं, आणि कॅप्टन होती आपल्या उस्मानाबादची सारिका काळे. ताई धापा टाकत बोलत होती. मी "भारी" म्हणालो आणि फोन ठेवला. 2020 मध्ये सारिकाताईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. एक काळ असा होता की घरच्या परिस्थितीमुळे त्या दिवसाला एकदाच जेवायच्या, हे तेव्हा बातम्यांत आलं. मी ते वाचलं आणि पुढे स्क्रोल केलं.

19 जानेवारी 2025. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या वर्ल्डकपची फायनल. कॅप्टन प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. मी सुट्टीला गावी होतो, ताईही आलेली. पहिल्यांदाच आम्ही दोघांनी एकत्र खो-खो पाहिला. मी स्कोअर बघत होतो, ती पाय बघत होती. "आरं, आता ही खांबावर जाणार बघ," म्हणायची आणि ती पोरगी खांबावर जायची. भारतानं नेपाळला 78-40 नं हरवलं. ताईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. उठून भाकरी टाकायला गेली.

त्या कॉलनंतर मी ताईला फोन केला आणि पंधरा वर्षं उशिरा विचारलं, "ताई, त्या मॅचला तू किती वेळ पळालीस गं?"

तिनं आठवायला एक सेकंदही घेतला नाही. "तीन मिनिटं चाळीस सेकंद. नाबाद."

मग मी दुसरं विचारलं. "लातूरचा राग येतो का?"

"राग कुणाचा धरू? पाऊसच नव्हता." थोडं थांबून म्हणाली, "पण सारिकाताईला अर्जुन मिळाला त्या दिवशी भाजी करपली माझी."

यावर मला काही बोलता आलं नाही. आताही येत नाही. माझी डिग्री, हा माईक, हे पुण्यातलं भाड्याचं घर, यातलं काही तिच्या वाट्यातून आलंय, एवढं मात्र कळतं. पुढच्या मीटिंगला मी त्या अमेरिकन माणसाला उत्तर दिलं. ताईचं नाव त्याला नीट उच्चारता येईना, म्हणून तीनदा सांगितलं.

तुम्हीही घरात एकदा विचारून बघा. आई, आत्या, मावशी, बहीण, वहिनी. काय खेळायचीस, आणि किती वेळ टिकायचीस? आकडा त्यांच्याकडे असतो, विचारणारं कुणी नसतं. उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.