गणपती उठले की अर्जाला लागा

मुलीला पीएचडीनंतर पोस्टडॉक मिळालं, की घरात पहिला प्रश्न येतो, "अजून शिकायचंच आहे का?" तर शिकायचं नाही. पोस्टडॉक ही पगारी, पण मुदतीची नोकरी आहे. बहुधा दोन-तीन वर्षांची. भौतिकशास्त्रात आणि गणितात कायमच्या जागेची वाट आज बहुतेकदा इथूनच जाते, आणि अनेकांचं एकावर भागत नाही, दुसरं करावं लागतं. घरच्यांना हे आधीच ठाऊक असलेलं बरं. लग्नाची बोलणी चालू असतील, तर फारच बरं.

आता प्रबंधाच्या अखेरच्या टप्प्यातल्यांशी बोलतो. आपली रीत अशी, की प्रबंध द्यायचा, व्हायवा उरकायचा आणि मग शोधाला लागायचं. तोवर हंगाम संपलेला असतो. अमेरिकेतल्या बहुतेक जागांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरात जातात आणि रुजू व्हायचं असतं पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे गणपती उठले की कामाला लागा. पदवी तेव्हा हातात असावी लागत नाही. रुजू होईपर्यंत मिळाली की सहसा चालतं. गणिताच्या जागा मॅथजॉब्स या संकेतस्थळावर लागतात, कणभौतिकीच्या इन्स्पायरवर, खगोलशास्त्राच्या अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरमध्ये.

जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाकडे अर्ज कधी करायचा, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात असते. दोन्हीकडे यजमान संशोधक आधी तुम्हीच गाठायचा. त्यासाठी 'मी कष्टाळू व प्रामाणिक आहे' असं एकच पत्र शंभर जणांना धाडू नका, ते कुणी वाचत नाही. त्यांचा एखादा शोधनिबंध नीट वाचा आणि त्यातला कोणता प्रश्न तुमच्या कामाला लागून आहे, ते चार ओळींत लिहा.

माझ्या मते अर्ज तरतो किंवा बुडतो तो शिफारसपत्रांवर. बहुतेक ठिकाणी तीन मागतात. एक गाइडचं, उरलेल्या दोनांसाठी आपण विभागप्रमुखांकडे धाव घेतो, ज्यांनी आपलं काम फारसं पाहिलेलंच नसतं. मग ते बिचारे 'आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहून देतात. निवड समितीला आज्ञाधारकपणाचं काय करायचं? तिला हे जाणून घ्यायचं असतं, की या मुलानं कोणता प्रश्न सोडवला आणि त्यातलं त्याचं स्वतःचं किती. हे सांगू शकेल असा संस्थेबाहेरचा माणूस दीड-दोन वर्षं आधी जोडावा लागतो. बंगळूरच्या आयसीटीएसचे कार्यक्रम, पुण्यात आयुकाच्या कार्यशाळा त्यासाठीही असतात. तिथे मागच्या बाकावर बसून परत येऊ नका. फळ्यापाशी जा, शंका विचारा, जमलं तर स्वतःचं काम मांडा. आणि पत्र मागताना निदान महिनाभर अवधी द्या.

देशातही चांगल्या जागा आहेत: मुंबईची टीआयएफआर, चेन्नईची मॅथसायन्स, प्रयागराजची हरिश्चंद्र संस्था. गणितवाल्यांसाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची फेलोशिप आहे. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना उभ्या आहेत. तिथे निरीक्षणाचा वेळ मिळावा म्हणून परदेशांतले खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. रेडिओ खगोलशास्त्र करणाऱ्यानं ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरएला दुय्यम पर्याय का मानावं, मला कळत नाही. फक्त या जागांच्या जाहिरातींसाठी वर्तमानपत्राची वाट पाहू नका. त्या संस्थांच्या संकेतस्थळांवर लागतात, काही तर बाराही महिने खुल्या असतात.