शेवटी कोण जेवतं?



आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. तुमच्या घरात शेवटी कोण जेवतं?

बायका हसू लागल्या. दादामंडळी खाली बघताहेत. म्हणजे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे!

एक घर डोळ्यांपुढं आणा. दिवस मावळला आहे. बाई रानातून आली. तिनं पाणी भरलं, चूल पेटवली, भाकरी थापल्या. आधी सासरा जेवला. मग नवरा जेवला, मग मुलगा. मुलीला सांगितलं, "तू थांब आईबरोबर." मायलेकी बसल्या, तेव्हा दुरडीत दीड भाकरी उरली होती. कालवण संपलं होतं. दोघींनी चटणीशी भाकरी खाल्ली आणि वर तांब्याभर पाणी प्याल्या.

ही बाई पोटुशी होती. पोटातलं बाळ आईच्या जिवावर वाढतं. आईच अर्धपोटी, तर बाळाला कुठून मिळणार? जन्मलेल्या बाळाचं वजन निदान अडीच किलो हवं. हे दोन किलोच भरलं. ते सारखं आजारी पडू लागलं. औषधाला पैसा गेला. बापाचे खाडे पडले. आईला तर कामावर जायलाच हवं. मग बाळाला सांभाळणार कोण? चौथीतली मुलगी! तिची शाळा बंद झाली. जी चार अक्षरं आली होती, तीही ती विसरली. आता अठरा वर्षं भरायच्या आत तिचं लग्न उरकलं, तर तीही अशीच अर्धपोटी आई होईल.

बघा, एका भाकरीची गोष्ट कुठवर गेली!

हे एकाच घरात घडत नाही. २०१९ ते २०२१ या काळात सरकारनं देशभर घरोघर पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. पुरुषांत शंभरात २२. पाळीत आणि बाळंतपणात बाईचं रक्त जातं. म्हणजे तिला जास्त हवं. आणि आपण तिलाच कमी वाढतो!

कोणी म्हणेल, "ताई, घरात दाणाच कमी आहे. करायचं काय?"

दाणा कमी असेल, तर वाटणी नीट करा. सगळे एकदम जेवायला बसा. भाकरी मोजून वाढा. मुलाच्या आणि मुलीच्या ताटात फरक करू नका. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई असेल, तर तिला चार घास जास्त द्या. शेवग्याचा पाला, पालेभाजी, मोडाची मटकी खा. वर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा पिऊ नका.

गरोदर बाईचं नाव अंगणवाडीत नोंदवा. तिथं तिला आहार मिळतो. रक्तवाढीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची. गोळीनं शौचाला काळं होतं. त्याला भिऊ नका. गोळी सोडू नका.

आणि मुलीला शाळेतून काढू नका. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवणही मिळतं. शाळा सुटली, की तिचा तोही घास जातो.

दादांनो, आज घरी गेल्यावर एवढं करा. ताट पुढं आलं, की लगेच घास घेऊ नका. आधी विचारा, "तुझं ताट कुठं आहे?" ती बसली, पोर बसली, की मग पहिला घास घ्या.