कोरी सही आणि गलबताचे नाव
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा गोषवारा)



मराठीच्या अध्यापकाने अमेरिकन जहाजांच्या कागदांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण परवान्यावाचून समुद्र मोकळा नसतो, हे कोकण किनाऱ्याला नवे नाही. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ आणि आंग्र्यांचे दस्तक आपण जाणतोच.

1793 मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटले. तटस्थ अमेरिकेच्या जहाजांना आपले राष्ट्रीयत्व सिद्ध करणारा कागद आवश्यक झाला. पुढे तो फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी व डच अशा चार भाषांत छापला जाऊ लागला. त्यावर राष्ट्राध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री यांच्या सह्या असत. सही केलेले कोरे कागद बंदरोबंदरीच्या जकात अधिकाऱ्यांकडे जात. जहाज, कप्तान आणि माल यांची नोंद तेथे होई.

1796 च्या कायद्याने भूमध्य समुद्रासाठी चर्मपत्रावरील निराळा परवाना आला. त्याची वरची कड नागमोडी कापून काढीत. कापलेला भाग उत्तर आफ्रिकेतील अमेरिकन वकिलांमार्फत तेथील चाच्यांच्या हाती पडे. वाटेत अडविलेल्या जहाजाचा परवाना त्या तुकड्याशी जुळला, की जहाज सुटे. अक्षर न वाचता पटणारी अशी ही खूण होती!

आज संग्राहक या कागदांना जपतात ते मुख्यतः सह्यांसाठी. जेफरसन अध्यक्ष आणि मॅडिसन परराष्ट्रमंत्री असतानाच्या एकाच कागदावर दोन राष्ट्राध्यक्षांची हस्ताक्षरे सापडतात. या हौसेपोटी बनावटही फोफावली. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट स्प्रिंग याने वॉशिंग्टनच्या खोट्या सह्या करून विकल्या. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे सहीपुरता तुकडा कापून उरलेला कागद टाकून देणे. थोराची सही अन्यत्रही मिळते. पण त्या गलबताचे आणि कप्तानाचे नाव कदाचित तेवढ्याच कागदावर असते.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हा अपराध माझ्या हातून घडला आहे. विद्यार्थिदशेत आजोबांना आलेल्या एका पत्रातून एका नामवंत नाटककाराची सही मी कात्रीने कापली आणि वहीत खळीने चिकटविली. पत्राच्या पाठीवर या ग्रंथालयाच्या मदतीसाठी झालेल्या नाट्यप्रयोगाचा मजकूर होता. या स्मरणिकेसाठी त्याची तारीख शोधू लागलो, तेव्हा पत्रात महिना मिळाला. दिवस आणि साल माझ्या वहीतील खळीखाली गेले होते. सही मात्र अजून सुरेख दिसते.

म्हणून सभासदांना हात जोडून विनंती, की घरातील जुनी पत्रे, पावत्या, हुंड्या निवडून नव्हे, अखंड इथे आणाव्यात. कोणती ओळ मोलाची, हे पुढची शंभर वर्षे ठरवतील. माझी ती वही आणि ते फाटके पत्र मी आजच ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे.